गळतीवर पाणी

जुन्या गाडीचं पाणी कुठून गळतं हे शोधण्यातला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे डिकीतला पाण्याचा कॅन. हे वाचून ज्यांच्या डिकीत तसा कॅन आहे ते रागावतील, आणि आपल्याकडे पंधरा वर्षांपुढची गाडी बाळगणाऱ्यांत तो नसलेला माणूस मिळणं कठीण. पाच लिटरचा, पूर्वाश्रमी गोडेतेलाचा, झाकण हरवल्यामुळे तोंडात कापडाचा बोळा कोंबलेला असा हा कॅन असतो. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, रेडिएटरचं झाकण फिरवायचं, आत डोकवायचं, "थोडं उतरलंय" म्हणायचं आणि तोंडापर्यंत पाणी ओतायचं. गाडी सुरू, मालक निर्धास्त. वरवर पाहता यात गैर काही नाही. तहानलेल्याला पाणी द्यावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलंच असतं. माझं म्हणणं एवढंच, की या पाण्याने गाडीची तहान भागो न भागो, गळतीचा पुरावा मात्र रोज सकाळी नेमाने धुऊन निघतो. गाडी म्हातारी झाली म्हणून गळती सापडत नाही असं आपण समजतो. खरं तर आपण तिला सापडू देत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: "शोधायचं काय त्यात? गाडीखाली डबकं दिसतंय की!" डबकं दिसतं हे कबूल. पण ते कुणाचं? त्यावर हक्क सांगणारे बरेच असतात. एसी लावून आलेली गाडी उभी केली की तिच्या पोटाखाली पाणी ठिबकतं. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत ते इतकं असतं की नवखा मालक घाबरून तिथूनच मेकॅनिकला फोन लावतो. ते पाणी हवेतलं असतं, त्याला रंग नसतो, वास नसतो. रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट रंगीत असतं, बोटांवर चोळलं तर किंचित बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. परीक्षा बोटाने आणि नाकाने करावी, जिभेने करू नये. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात विषारी असतं, आणि हे ठाऊक नसल्यामुळे गाडीखालचं डबकं चाटणारी कुत्री-मांजरं मरतात. गल्लीतला कुत्रा या प्रकरणात आरोपीही असू शकतो, कारण टायरच्या आसपासची काही डबकी सर्वस्वी त्याची असतात. तेव्हा डबकं दिसलं म्हणजे गळती दिसली असं नव्हे. फार तर एक ओला संशय दिसला.

समजा डबकं कूलंटचंच निघालं. तरी ते जिथे आहे तिथे गळती असेल असं मानायला काही आधार नाही. कौलारू घरात पावसाळे काढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही: फुटकं कौल असतं आढ्याजवळ, पाणी येतं वाशावरून ओघळत, आणि टपकतं नेमकं पाहुण्याच्या अंथरुणावर. इंजिनातही तेच चालतं. वरच्या होज पाइपच्या क्लिपेतून निसटलेला थेंब ब्लॉकच्या अंगावरून उतरतो, पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलला जातो, गिअरबॉक्सच्या कडेने सरकतो आणि खालच्या ज्या कोपऱ्यावरून पुढे जायला जागा उरत नाही तिथून जमिनीवर पडतो. मालक ओणवा होऊन त्या कोपऱ्याच्या बरोबर वर काय आहे ते पाहतो. तिथे बहुधा काहीच नसतं, किंवा ज्याचा पाण्याशी आयुष्यात संबंध आलेला नाही असा स्टार्टर असतो. मग "स्टार्टरमधून पाणी येतंय" असं एक अभूतपूर्व निदान जन्माला येतं.

त्यात ही गळती वेळ पाहून वागते. रेडिएटरचं झाकण दिसतं साधं, काम करतं दाबाच्या झडपेचं. त्यावर ०.९ असा आकडा असेल तर बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.९ किलो जादा दाब ते आत धरून ठेवतं. उघड्या भांड्यातलं पाणी पुण्यात ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना. समुद्रकिनाऱ्यावरच्या गाडीत मात्र या जादा दाबाखाली तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत दम धरतं. सगळी यंत्रणा या दाबावर उभी आहे, आणि गळतीही. जी बारीक चीर खोपोलीहून लोणावळ्याकडे साडेपाचशे मीटर चढताना पिचकारी मारते, ती सकाळी थंड इंजिनात टिपूसही सोडत नाही. याच्या उलट जातही आहे: डिसेंबरच्या पहाटे नाशकात रबर आकसतं, क्लिप सैल पडते, जोडातून चार थेंब येतात, आणि इंजिन तापलं की जोड पुन्हा घट्ट. तिसरी जात एक्झॉस्टजवळची. तिथे पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेत त्याची वाफ होते आणि मागे राहतो फक्त पांढरट किंवा हिरवट खरबरीत डाग. आता मालकाची तपासणीची वेळ पाहा. सकाळी साडेसात, इंजिन थंड, आणि मुलांच्या शाळेला पाच मिनिटं कमी. या वेळी जी गळती दिसत नाही ती "नाहीच" असं ठरतं, आणि जी दिसते तिच्यावर पाणी ओतलं जातं.

ओतल्याने नुसता पुरावा जातो असं नाही, कधी कधी गुन्हाही तिथेच घडतो. यंत्रणेत चार लिटर पाणी आहे असं धरा. ३० अंशांचं पाणी ९० अंशांपर्यंत तापलं की चार लिटरमागे सुमारे सव्वाशे मिलिलिटर फुगतं. फुगलेल्याला जागा हवी. कित्येक जुन्या गाड्यांत रेडिएटरच्या मानेतून एक बारीक नळी खाली सोडलेली असे आणि जादा पाणी तिच्यातून सरळ रस्त्यावर जाई. त्यामुळे गाडी आपली पातळी आपणच ठरवून घ्यायची: मानेच्या दोन बोटं खाली. मालक सकाळी ती रिकामी दोन बोटं पाहणार, अस्वस्थ होणार, तोंडापर्यंत भरणार. दुपारपर्यंत गाडी ते सव्वाशे मिली बाहेर टाकणार. दुसऱ्या सकाळी पुन्हा दोन बोटं. चीर नाही, भोक नाही, सैल क्लिप नाही, अशा ठणठणीत गाडीत ही गळती वर्षानुवर्षं चालू शकते. मालकाने एकदा हट्टाने ओतायचं थांबवलं की ती दोन दिवसांत बरी होते. पण "पाणी कमी दिसतंय तरी ओतू नका" हा सल्ला देणाऱ्याला आपल्या समाजात स्थान नाही.

ही सवय आली कुठून तेही पाहायला हवं, कारण ती मूर्खपणातून आलेली नाही. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी आणि उत्तरपाड्यातली अँबेसेडर यांवर जे गाडी चालवायला शिकले, त्यांच्यासाठी सकाळी पाणी पाहणं हे किल्लीइतकंच गाडीचं अंग होतं, आणि त्या काळी ते बरोबरही होतं. पुढच्या गाड्यांत रेडिएटरशेजारी बाटली आली. फुगलेलं पाणी त्या बाटलीत जातं आणि इंजिन थंड झालं की झाकणातली एक छोटी झडप उघडून ते परत आत ओढलं जातं. यंत्र बदललं, सवय मात्र बापाकडून मुलाकडे आली. आजची ठरावीक जुनी गाडी म्हणजे मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात पहिली रस्त्यावर आली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटीही आता दहा वर्षांपुढची आहे. तिचा मालक बाटली मॅक्सच्या रेषेच्याही वर, बुचापर्यंत भरतो, कारण रेषेपर्यंतच भरणं त्याला कंजूषपणाचं वाटतं. मग गाडी तापते, बाटली उतू जाते, आणि डाव्या-उजव्या कोपऱ्यात नवी गळती सापडल्याची बातमी घरात पसरते. कधी झाकणातली ती छोटी झडपच अडकलेली असते. गेलेलं पाणी परत येत नाही, बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा. मालक बाटलीकडे बोट दाखवून म्हणतो, "पाणी भरपूर आहे, तरी तापते." या सगळ्या यंत्रणेत झाकण हा जवळजवळ सगळ्यात स्वस्त भाग. नेमका म्हणूनच त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. एवढ्या मोठ्या दुखण्याला एवढंसं कारण असावं हे मालकाच्या प्रतिष्ठेला रुचत नाही.

इथे मेकॅनिकच्या बाजूने कुणीतरी म्हणेल, की निदान करणं मालकाचं कामच नव्हे, अनुभवी माणूस पाच मिनिटांत सांगतो. अनुभवाबद्दल माझ्या मनात आदर आहे. चांगला मेकॅनिक खरोखर वासावरून आणि डागावरून ओळखतो. पण त्याच्यासमोर आपण गाडी कशी नेतो? आदल्या दिवशी गाडी धुऊन आणतो, कारण गॅरेजात मळकी गाडी न्यायची लाज वाटते. डाग गेले. निघताना रेडिएटर फुल्ल करतो, कारण वाटेत तापायला नको. पातळी गेली. पोचल्यावर मेकॅनिक दुसऱ्या गाडीखाली असतो, म्हणून दोन तास थांबतो. दाब गेला, उष्णता गेली. मग तो हात पुसत येतो, बॉनेटखाली पाहतो, आणि त्याला दिसतं एक स्वच्छ, थंड, काठोकाठ भरलेलं, पूर्णपणे निरोगी इंजिन. आता त्याने काय करावं? तो भाग बदलायला लागतो. आधी होज पाइप, मग वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप, मग रेडिएटर. प्रत्येक भागाबरोबर आशा नवी येते आणि आठवड्याभरात जुनी होते. शेवटी मालकाजवळ बरीच नवी कूलिंग यंत्रणा असते आणि तिच्यात मूळची जुनी गळती. त्याबद्दल तो मेकॅनिकला बोल लावतो, पण साक्षीदाराला घरीच आंघोळ घालून आणणारा तोच असतो.

मेकॅनिकपाशी पोचण्याआधीची पायरी म्हणजे सोसायटी. आपल्याकडे बॉनेट उघडणं ही खासगी बाब नाही. ते वर गेलं की तिसऱ्या मजल्यावरचे काका, शेजारच्या विंगेतले एसटीतून निवृत्त झालेले साहेब, पेपरवाला आणि गेटवरचा वॉचमन असे चौघे कुणी न बोलावता जमतात, आणि चौघांचंही निदान तयार असतं. ज्यांची वॉटर बॉडी गेली होती ते वॉटर बॉडी म्हणतात. ज्यांच्या होज पाइपला चीर पडली होती त्यांना चीर दिसते. ज्यांचं हेड उतरवावं लागलं होतं ते काही बोलत नाहीत, नुसते मान हलवतात, आणि त्यानेच मालकाचा घसा कोरडा पडतो. ज्यांच्या गाडीला कधी काहीच झालं नाही ते "विकून टाका" म्हणतात. माणसं गाडीकडे पाहत नसतात, प्रत्येक जण आपलं आत्मचरित्र सांगत असतो. त्यातलं एखादं बरोबर निघतंही, आणि ते गृहस्थ पुढची दहा वर्षं सोसायटीचे अधिकृत रेडिएटरतज्ज्ञ होतात.

"पण टेम्परेचरचा काटा मध्येच आहे, म्हणजे पाणी ठीक आहे," असा एक शास्त्रीय वाटणारा आक्षेप असतो. काटा तापमान सांगतो, पाणी आहे की नाही हे सांगत नाही. ज्या सेन्सरवरून तो हलतो तो पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी खाली गेलं आणि सेन्सर नुसत्या वाफेत किंवा हवेत राहिला की काटा कमी दाखवू शकतो. म्हणजे इंजिन भाजत असताना काटा आरामात पडलेला, आणि त्याच्याकडे पाहून मालकही. दुसरा आक्षेप पैशांचा: नळाचं पाणी फुकट, कूलंटला पैसे पडतात, आणि गळणाऱ्या गाडीत महागडं कूलंट घालणं म्हणजे पैसे रस्त्यावर ओतणं. यातलं गणित वरकरणी बिनतोड आहे. पण निदानासाठी तेच पैसे कामाला येतात, कारण कूलंट जिथून जातं तिथे रंगाची खूण ठेवून जातं. साधं पाणी सुकून जातं आणि मागे काही उरलाच तर थोडा क्षार, तोही आतल्या बारीक नळ्यांत जास्त आणि बाहेर कमी. शिवाय साधं पाणी ओतत गेलं की गंज धरतो, गंजाने चीर वाढते, आणि वाढलेल्या चिरेसाठी आणखी पाणी लागतं. फुकट पाण्याचा हिशेब असा हळूहळू रेडिएटरवाल्याच्या दुकानात जाऊन मिटतो.

मग करायचं काय? सगळ्यात अवघड गोष्ट आधी: दोन-तीन दिवस काही ओतायचं नाही. इंजिन पूर्ण थंड असताना बाटलीवर मार्करने रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी उभ्या गाडीत तीच रेघ पाहायची. पातळी मिनच्या खाली गेली तर भरायचं, पण किती भरलं ते मोजून. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरावीत. रविवारची पुरवणी जाड असते आणि तिचा असा उपयोग होतो हे संपादकांना कळवायची गरज नाही. कागद कुठे भिजला यावरून गळतीची जागा कळत नाही, पण इंजिनाची कुठली बाजू पाहायची ते कळतं. किती भिजला यावरून हिशेब जुळवता येतो. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दर मिनिटाला एक थेंब पडत असेल तर दिवसभरात सत्तरएक मिली जाईल. बाटलीतून मात्र रोज अर्धा लिटर कमी होत असेल, तर दिसणारा थेंब हा खरा चोर नाही, त्याचा धाकटा भाऊ आहे. थोरला दुसरीकडून पसार होतोय.

तो कुठून जातो हे पाहायला बऱ्या गॅरेजात एक हातपंप असतो, घड्याळ लावलेला. तो रेडिएटरच्या तोंडावर बसवून थंड इंजिनात झाकणावर लिहिलेला दाब भरायचा आणि काटा पडतो का पाहायचा. इंजिन बंद, पंखा बंद, कुठे हात भाजायची भीती नाही, आणि घाटात होणारी गळती गॅरेजच्या सावलीत निमूटपणे होते. झाकणावरच्या आकड्यापेक्षा जास्त दाब भरायचा मोह मात्र टाळावा, नाहीतर जुन्या रेडिएटरला एक नवी गळती बहाल होते. त्याच पंपाने झाकणही तपासता येतं. एवढं साधं, स्वस्त आणि निर्णायक हत्यार पुष्कळ ठिकाणी कपाटातच का राहतं, यामागे माझा तर्क असा की त्याने निदान फार लवकर होतं. गिऱ्हाईकाला वाटतं, एवढ्याशा वेळाचे कसले पैसे?

वॉटर बॉडीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे आपला राष्ट्रीय स्वभाव उघडा पडतो. तिच्या अंगाला खालच्या बाजूने एक बारीक भोक असतं. ते कारखान्यानेच ठेवलेलं असतं. आतला सील झिजला की पाणी बेअरिंगमध्ये घुसण्याऐवजी त्या भोकातून बाहेर यावं आणि मालकाला आधीच सूचना मिळावी, एवढ्यासाठी. म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने निदानाची सोय करून ठेवली आहे. आपल्याला भोक दिसलं की ते बुजवावंसं वाटतं. कुणीतरी उत्साहाने तिथे एम-सील भरतं, गळती थांबते, सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, काही आठवड्यांनी बेअरिंग खरखरायला लागतं आणि शेवटी पंप भर रस्त्यात जाम होतो. त्या दिवशी जमलेले लोक म्हणतात, "जुनी गाडी, दुसरं काय होणार?"

ज्या गाड्यांत हीटर आहे त्यांची एक वेगळीच गंमत. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात हीटर लावायची वेळ येत नाही, त्यामुळे तो आहे हेच मालक विसरलेला असतो. त्याची छोटी जाळी डॅशबोर्डच्या मागे असते आणि ती गळली तर पाणी गाडीखाली पडतच नाही, पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पायाखालच्या मॅटमध्ये मुरतं. बाहेर सगळं कोरडं. आत गोडसर वास, काच आतून धुरकट. दोष छत्रीला, पावसाला, मागच्या रविवारी बसलेल्या पाहुण्यांना दिला जातो.

आता राहिलं हेड गॅसकेट, म्हणजे ज्याच्या नुसत्या नावाने मालकाचा हात खिशाकडे जातो. बाहेर काहीच सापडलं नाही की सगळे याच निष्कर्षाला येतात, आणि कधी तो बरोबरही असतो. पण पुरावे म्हणून जे दाखवले जातात ते फार कच्चे असतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर? थंड सकाळी पहिली काही मिनिटं तो बहुतेक गाड्यांतून निघतो. ऑइलच्या झाकणाखाली मळकट पांढरा फेस? पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत दमटपणामुळे तो गॅसकेट शाबूत असतानाही जमतो. धूर इंजिन तापल्यावरही निघत राहिला, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबेनात, पाणी वारंवार बाहेर फेकलं जाऊ लागलं, तर संशय पक्का व्हायला हरकत नाही. तेव्हाही एक शेवटची परीक्षा उरते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढून घेतात. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. हेड उतरवायचं, ते प्लेन करून घ्यायचं, नवं गॅसकेट घालायचं, एवढा खर्च त्या रंगावर टांगलेला असताना पुष्कळदा परीक्षा न करताच हेड उतरतं, कारण मालकाने मनाची तयारी केलेली असते आणि तयार झालेलं मन वाया घालवायला कुणी धजत नाही.

माझ्या या सगळ्या मांडणीविरुद्ध सगळ्यात भक्कम साक्षीदार म्हणजे हळद. रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकली की गळती थांबते, असं जुने ड्रायव्हर सांगतात आणि ते थापा मारत नाहीत. बारीक चिरेत ती भुकटी अडकते, फुगते, वाट बंद होते. निदान न करता इलाज झाला, मग निदानाची एवढी मातब्बरी कशाला? उत्तर असं, की हळदीला चीर आणि रेडिएटरची नळी यांतला फरक कळत नाही. ती सापडेल ती अरुंद जागा बुजवते, आणि नव्या पद्धतीच्या अॅल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये अरुंद जागांचीच रेलचेल असते. गळती थांबल्याच्या आनंदात महिना जातो आणि मग गाडी पाणी न गळता तापायला लागते. त्यावर "थर्मोस्टॅट काढून टाका" हा पुढचा इलाज तयार असतोच. त्याने काटा खाली येतो, इंजिन कामाच्या तापमानाला कधी पोचत नाही, आणि पेट्रोल मुकाट्याने जास्त जातं. तरीही घाटात, रात्री, जवळ गॅरेज नसताना कुणी हळद टाकली तर मी त्याला दोष देणार नाही. तिथे कॅनलाही मानच आहे. फक्त इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये, कारण दाब सुटताच आतलं पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. आणि गार पाणी भसकन ओतू नये, त्याने हेडला तडा जाऊ शकतो. अर्धा तास थांबावं. जमलेल्या लोकांनी निदानं सांगेपर्यंत तेवढा वेळ सहज निघून जातो.

एवढं करून गळती सापडली, आणि ती बहुधा एखादी क्लिप, चिरलेला होज पाइप नाहीतर झाकण निघते, तरी एक धोका शिल्लक असतो. भाग बदलला, नवं कूलंट भरलं, दुसऱ्या सकाळी मालक पाहतो तर बाटलीतली पातळी उतरलेली. तो खचतो. पण रिकामी यंत्रणा भरताना आत कुठे ना कुठे हवा अडकून राहते. इंजिन एक-दोनदा तापून थंड झालं की ती निघून जाते आणि तिच्या जागी बाटलीतलं कूलंट ओढलं जातं. हे उतरणं म्हणजे दुरुस्ती बसल्याची खूण. रेघेपर्यंत एकदा भरावं आणि गप्प बसावं. त्यानंतरही पातळी उतरतच राहिली तर पुन्हा गॅरेज गाठावं. आणि ती एका जागी ठाम राहिली तर खूष होण्याआधी घरात जरा चौकशी करावी, की आपण उठायच्या आत वडील खाली जाऊन गुपचूप तांब्याभर पाणी तर ओतून आलेले नाहीत ना.